शाफ्टचा आवाज आणि मिरकरवाड्याचे चाचा: एका वर्कशॉपचा अनुभव

बोटीच्या पाठून आवाज येतोय, तो कशाचा हे कुणी धड सांगत नाही आणि दर वेळी नवीन पार्टचं बिल तेवढं हातात पडतंय, अशी गत झाली असेल तर रत्नागिरीत मिरकरवाड्याला या. जेटीच्या मागच्या गल्लीत पत्र्याची एक शेड आहे. पाटी नाही. बंदरावर कुणालाही ‘शाफ्टवाले चाचा’ म्हणून विचारा, हात करून दाखवतील. मी या वर्कशॉपला पाचपैकी साडेचार देते. अर्धा का कापला ते शेवटी सांगते.

आधी आमच्या बोटीबद्दल, म्हणजे तुमच्याशी ताडून बघता येईल. 45 फुटी लाकडी ट्रॉलर, वरून फायबर मारलेला. सहा सिलिंडरचं इंजिन, तीनास एक गिअर (इंजिनाच्या तीन फेऱ्यांना शाफ्टचा एक), अडीच इंची स्टेनलेसचा शाफ्ट, म्हणजे गिअरपासून पंख्यापर्यंत जाणारा फिरता दांडा, आणि तीन पात्यांचा पितळी पंखा. बाबांनी समुद्रावर जाणं सोडल्यापासून डिझेल, बर्फ, दुरुस्ती, सोसायटीचे हप्ते हे सगळं मी बघते. बोट तांडेल नेतो.

मागच्या हंगामात आवाज सुरू झाला. एक नव्हे, दोन आवाज, पण तेव्हा ते वेगळे आहेत हे कुणी म्हटलंच नव्हतं. गिअर टाकून इंजिन मिनिटाला 1200 फेऱ्यांच्या वर नेलं की पाठच्या फळ्यांतून घरघर यायची, जाळं ओढताना ती वाढायची. आणि पुढचा गिअर काढून मागचा टाकला की खालून ‘टण्’ असा दणका. ज्यांच्याकडे आधी काम दिलं होतं त्यांनी बोटीत पाय ठेवण्याआधीच निदान केलं: रबर बुश गेला, म्हणजे पाठी पाण्याखाली शाफ्टला आधार देणारी, आतून रबराची नळी झिजली. बुश बदलला. थोडे दिवस आवाज दबला, पुन्हा आला. पुन्हा बुश. मग म्हणाले, गिअर बॉक्स खोलावा लागेल. ज्यांची बोट नाही त्यांना सांगते, बुश बदलणं म्हणजे उधाणाच्या भरतीला बोट वर घ्यायची, पंखा उतरवायचा, शाफ्ट मागे ओढायचा आणि तेवढे दिवस खलाशी बसवून पोसायचे. त्यात हे सगळं बोलणं तांडेलाशी व्हायचं. मी शेजारी उभी असले तरी माझ्याकडे फक्त बिल यायचं.

चाचांना फोन केला तेव्हा त्यांनी पार्टचं नावसुद्धा काढलं नाही. प्रश्नच विचारत गेले. न्यूट्रलला इंजिन वाढवलं तर आवाज येतो का? गिअर टाकल्यावरच येतो का? पुढे आणि मागे, दोन्हीकडे सारखा? वळताना वाढतो का? जाळं पाण्यात असताना जास्त की रिकामं येताना? बोट वर कधी घेतली होती, आणि आवाज त्याच्या आधीचा की नंतरचा? यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे नव्हती. ते म्हणाले, “तांडेलला विचारून लिहून ठेव बेटा, मी ओहोटी लागायच्या आत येतो.”

आले ते एक कापडी पिशवी आणि मदतीला एक पोरगा घेऊन. पिशवीत फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), डायल गेज, खडू, टॉर्च, वजनाचा स्प्रिंगकाटा आणि सागवानाची हातभर लांबीची काठी, दोन्ही टोकं घासून गुळगुळीत झालेली. पान्याला त्यांनी पहिला तासभर हातच लावला नाही.

पहिलं काम, शाफ्टजवळचे सगळे लोक बाजूला केले. आमचा एक खलाशी लुंगी नेसून कपलिंगच्या, म्हणजे गिअर आणि शाफ्ट जोडणाऱ्या सांध्याच्या, वर पाय टाकून उभा होता, त्याला वर पाठवलं आणि मगच इंजिन चालू केलं. न्यूट्रलमध्ये 1500 पर्यंत नेलं. आवाज नाही. म्हणजे इंजिनावरचा संशय तिथेच कमी झाला. मग पुढच्या-मागच्या दोऱ्या जेटीला आवळून गिअर टाकला, आणि घरघर हजर. म्हणजे जे फिरायला लागल्यावर आवाज येतो, त्यातलंच काहीतरी: गिअरची मागची बाजू, कपलिंग, शाफ्ट, ग्लँड (शाफ्टभोवती दोरी भरून पाणी अडवणारा भाग), बुश किंवा पंखा.

पुढचं जे केलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. इंजिन बंद करून शाफ्टवर खडूची एक ठळक रेघ मारली. परत चालू करून इंजिन 600 वर स्थिर ठेवायला लावलं. तीनास एक गिअर, म्हणजे शाफ्ट मिनिटाला 200 फेरे मारणार. पोरगा घड्याळ धरून बसला, चाचा डोळे मिटून मांडीवर बोट आपटत घरघरीचा चढ मोजू लागले. पंधरा सेकंदांत 50. दोनशेचा बरोबर चौथा हिस्सा, म्हणजे फेऱ्याला एक. त्यांनी समजावलं की पंख्याच्या पात्यांमुळे आवाज असता तर तीन पात्यांचे फेऱ्याला तीन ठोके आले असते, आणि ते असे बोटावर मोजता येत नाहीत, सलग गुणगुण ऐकू येते. इंजिनाचा असता तर इंजिनाच्या गतीने आला असता. फेऱ्याला एक म्हणजे शाफ्टच्या फिरण्याशी जोडलेली खोट. माझ्या मते या सगळ्या तपासणीत सर्वांत मोलाचं काम हेच. त्याला ना महागडं यंत्र लागलं, ना बोट वर घ्यावी लागली. आपल्या गिअरचा आकडा आणि पंख्याची पाती माहीत असतील तर हे कुठलाही तांडेल करू शकतो.

मग काठी. एक टोक कानाच्या पुढच्या हाडाला, दुसरं गिअर बॉक्सच्या अंगावर. मग स्टर्न ट्यूबच्या (शाफ्ट ज्यातून बोटीबाहेर जातो त्या नळीच्या) पुढच्या टोकाला, मग पाठीमागे जिथे खाली बुश येतो तिथल्या लाकडावर. फिरत्या भागाला कुठेच नाही, नेहमी स्थिर अंगावर. मलाही ऐकायला दिलं. स्टर्न ट्यूबच्या मध्यावर आवाज अगदी मंद होता, गिअरच्या मागच्या बेअरिंगपाशी आणि पाठी बुशापाशी मात्र दोन्हीकडे स्पष्ट. दोन्ही टोकांना आवाज आणि मध्ये शांत, हे ऐकून चाचा पहिल्यांदा काहीतरी ठरल्यासारखे मान हलवून उठले, पण बोलले नाहीत.

ग्लँडला हात नेला तर चटका बसण्याइतका गरम. खाली एकही थेंब नाही. आमच्या तांडेलाला वाटत होतं, थेंब नाही म्हणजे ग्लँड चांगला. खरं तर शाफ्ट चालू असताना मिनिटाला दोन-चार थेंब पडायलाच हवेत, तेच पाणी दोरीला आणि शाफ्टला थंड ठेवतं, आणि शाफ्ट थांबला की थेंबही थांबायला हवा. आधीच्या वर्कशॉपने गळती वाढली म्हणून नट आवळत नेले होते. गळती वाढत होती शाफ्ट हलत होता म्हणून, दोरीचा त्यात दोष नव्हता. कोरडी दोरी शाफ्टला खाते आणि तिथे कायमचा खड्डा पडतो. चाचांनी दोन्ही नट सारखे, थोडेथोडे सैल केले आणि थेंब सुरू झाल्यावर थांबले.

आता त्यांनी विचारलं, “काढलेला बुश टाकून दिलास का?” दोन्ही जुने बुश मी गोणीत ठेवले होते, कारण बदललेला पार्ट परत मागून घ्यायचा ही बाबांची सवय. चाचांनी एक बुश उजेडात धरून आतल्या रबराच्या पट्ट्यांवरून अंगठा फिरवला आणि मग माझा अंगठा तिथे नेऊन ठेवला. मागच्या टोकाला खालची बाजू झिजलेली, पुढच्या टोकाला वरची. मधला भाग जवळपास नवा. सगळीकडून सारखी झीज असती तर गाळ आणि वाळू हे कारण. मिरकरवाड्याच्या तोंडाशी गाळ साचतोच, ते गढूळ पाणी बुशातून जातं, आणि पाण्यावर चालणाऱ्या या रबराला दुसरं वंगण नसतं. नुसती खालून झीज असती तर शाफ्टच्या वजनाची, तीही समजण्यासारखी. पण अशी तिरपी झीज एकच गोष्ट सांगते: शाफ्ट बुशातून सरळ जात नाही, कललेला जातो. दुसरा बुशही तसाच. म्हणजे पहिल्यांदा बुश काढला त्याच दिवशी उत्तर हातात होतं, आणि ते न बघताच नवीन बुश बसवला गेला. हे कळल्यावर मला फार राग आला, आणि तो अजून आहे.

दुसऱ्या दिवशी कपलिंगचे बोल्ट काढले. इथे एक बारकी गोष्ट, जी मी इतर कुठे होताना बघितली नाही. बोल्ट काढले की शाफ्टचं पुढचं टोक स्वतःच्या वजनाने खाली लोंबतं, आणि त्या लोंबत्या अवस्थेत घेतलेलं माप खोटं येतं. अडीच इंची स्टेनलेस शाफ्ट मीटरला साधारण 25 किलो भरतो. चाचांनी पुढच्या बेअरिंगपासून पुढे आलेली लांबी मोजली, तिच्या वजनाचं निम्मं अधिक फ्लँजचं, म्हणजे कपलिंगच्या शाफ्टकडच्या चकतीचं, वजन असा हिशेब केला आणि वरच्या आडव्या लाकडाला स्प्रिंगकाटा टांगून बरोबर तेवढाच काटा येईपर्यंत शाफ्ट उचलून धरला. मग गिअरकडचा आणि शाफ्टकडचा असे दोन्ही फ्लँज बोटाने हलकेच एकमेकांना भिडवले आणि फिलर गेज माझ्या हातात दिला.

वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. वरच्या बाजूला 0.45 मिलिमीटरची पट्टी जात होती, खाली 0.10 ची कशीबशी. डावी-उजवी जवळपास सारखी. फरक 0.35. धोपट नियम असा की कपलिंगच्या व्यासाच्या दर 100 मिलिमीटरला 0.10 पर्यंत फरक चालतो. आमचं कपलिंग 150 चं, म्हणजे 0.15 पर्यंत. आम्ही दुपटीच्याही वर. एवढ्यावर ते थांबले नाहीत. शाफ्टचा फ्लँज अर्धा फेरा फिरवून परत मोजायला लावलं. मोठी फट फ्लँजबरोबर फिरून खाली आली असती तर शाफ्ट वाकलेला किंवा फ्लँजचं तोंड वाकडं. ती वरच राहिली. म्हणजे शाफ्ट सरळ आहे, इंजिन पुढे खाली बसलंय.

कारण शोधायला सुरी पुरली. इंजिनाच्या पाटाच्या पुढच्या लाकडात ती सहज आत गेली. वर्षानुवर्षं डिझेल आणि तळाचं पाणी पिऊन लाकूड मऊ झालेलं, आणि बोल्ट सैल वाटले की कुणीतरी ते आवळत राहिलेलं. प्रत्येक आवळणीला पुढची बाजू आणखी दबत गेली. मागची बाजू घट्ट होती म्हणून इंजिन नाकावर झुकलं आणि शाफ्टला तिकडून वाकवू लागलं.

‘टण्’ हा दणका मात्र वेगळाच निघाला. चाचांनी कपलिंगचा फ्लँज आणि शाफ्ट यांच्यावरून सलग एक खडूची रेघ ओढली आणि मोठ्या पान्याने शाफ्ट उलटसुलट हलवला. क्षणभर रेघ तुटली. केसाएवढीच, पण तुटली. फ्लँज आणि शाफ्ट यांच्यातली चावी, म्हणजे दोघांना एकत्र फिरवणारा खाचेतला तुकडा, सैल झाली होती आणि दिशा बदलताना फ्लँज आधी सरकून मग शाफ्टला आपटत होता. चालवत राहिलो असतो तर एके दिवशी चावी तुटून, इंजिन धडधडीत चालू आणि पंखा बंद अशी बोट खोल पाण्यात राहिली असती. गिअर बॉक्स खोलून यातलं काहीही सापडलं नसतं.

काम असं झालं: पाटाचं पुढचं लाकूड सुताराकडून बदललं, त्यावर लोखंडी प्लेट टाकली, लेथवर खाच साफ करून तिच्या मापाची नवीन जाड चावी बनवली, ग्लँडची दोरी नवीन भरली. नवा बुश बसवायला बोट वर घेतली होती, तेव्हाच इंजिन आणि शाफ्टची जुळणी करून टाका म्हणून आमचा तांडेल मागे लागला. चाचा ठाम. कोरड्या वाळूवर टेकवलेल्या बोटीचा आकार वेगळा असतो, तरंगती बोट वेगळी बसते, त्यातून लाकूड पाणी पिऊन फुगतं. बोट पाण्यात सोडून दोन रात्री तशीच ठेवायला लावली. डिझेल आणि बर्फही नेहमीएवढा भरायला लावला. मगच पातळ पत्रे सरकवत इंजिन उचललं आणि फरक 0.10 च्या आत आणून बोल्ट आवळले. आवळल्यावर पुन्हा मोजलं. मासळीचा भाव चढा असताना या दोन रात्री जिवावर येतात हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी द्या.

चाचणीला ते स्वतः आले. बंदराबाहेर, रत्नदुर्गाच्या कड्याखालून, हळूहळू 1800 पर्यंत. दर टप्प्यावर ग्लँडपाशी हात, काठी, थेंब. घरघर गेली, दणका गेला. त्यानंतर जाळं ओढून ओढून हा हंगाम मध्यावर आलाय, बुश तोच आहे आणि ग्लँडचा थेंब वेळेवर पडतोय.

त्यांच्या शेडमध्ये बसून इतरांची कामंही पाहिली, त्यातलं एक सांगण्यासारखं. शेजारच्या बोटीचा पंखा एका ठरावीक गतीलाच शीळ घालायचा. गती थोडी कमी-जास्त केली की बंद. पात्याच्या मागच्या धारेवरून पाणी सुटताना भोवरे होतात आणि त्यांची लय पात्याच्या स्वतःच्या कंपनाशी जुळली की पितळ वाजू लागतं. पंखा दुरुस्त करताना कुणीतरी धार गोल घासली होती. चाचांनी मागची धार एका बाजूने तिरपी कापून कड धारदार केली, शीळ गेली. ना शाफ्ट काढला, ना बुश. त्याच शेडमध्ये कळलं की न्यूट्रललाही आणि फक्त कमी गतीला खडखड येत असेल, गती वाढवली की जात असेल, तर इंजिन आणि गिअरच्या मधली डॅम्पर प्लेट बघायची. पंख्याखालून पिंपात खडी ढवळल्यासारखा आवाज येत असेल आणि पात्यांवर बारीक खड्डे पडले असतील तर पंखा पाणी फाडतोय, त्याचं माप किंवा पात्याची धार तपासायची. आणि चांगली चाललेली बोट अचानक थरथरू लागली तर ताबडतोब न्यूट्रल. बहुतेक वेळा पंख्यात दोरी किंवा जाळ्याचा तुकडा असतो. तसंच चालवत राहिलात तर नायलॉन घर्षणाने वितळून बुशात शिरतं आणि मग खरंच बुश बदलावा लागतो.

आता अर्धा गुण का कापला. फोन सहसा उचलत नाहीत, संध्याकाळी शेडवर जाऊनच गाठावं लागतं. बिल वहीच्या पानावर देतात. आमच्या सोसायटीला छापील बिल लागतं, ते मिळवायला मला चार खेपा मारायला लावल्या. अडीच इंचांच्या वरचा बुश ठेवत नाहीत, मुंबईहून मागवावा लागतो आणि तो येईपर्यंत बोट बसते. आउटबोर्डला, म्हणजे होडीच्या पाठी बाहेरून लावायच्या इंजिनाला, हात लावत नाहीत, छोट्या फायबरच्या होड्यांवाल्यांनी इथे येऊ नये.

पैशाचं म्हणाल तर बोटीवर येऊन तपासायचे दोन हजार घेतात, काम त्यांनाच दिलंत तर मजुरीतून वळते करतात. काहींना नुसतं ऐकायचे पैसे द्यायला जड जातं, बंदरावर तशी कुरकुरही ऐकू येते. मला ते योग्य वाटतात. आमच्या दोन फुकट गेलेल्या बुशांची किंमत त्याच्या कितीतरी पट होती, खाडे वेगळे. आणि मालकीणबाईंना मापं कशाला दाखवायची असं या शेडमध्ये कुणी म्हणालं नाही, हे माझ्या लेखी फार मोठं आहे.

चाचांकडे जाताना, बोटीतून काढलेला जुना बुश, गिअरवरच्या पाटीचा फोटो आणि आवाज कुठल्या गतीला येतो ते लिहिलेला कागद न्या. शाफ्ट लेथवर तपासायचा किंवा बुश बदलायचा असेल तर जून-जुलैच्या मासेमारी बंदीत, बोट शाकारलेली असतानाच सांगून ठेवा. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात गेलात तर शेडबाहेर रांग असते. आणि जुळणी ते बोट पाण्यात उतरल्यावरच करतील, तेव्हा ऑगस्टच्या पहिल्या फेरीचा बर्फ सांगायच्या आधी त्यांची तारीख घ्या.